अणुवीज केंद्राची आणीबाणीची तयारी तपासायला पहिल्यांदा जाताना

तारापूरच्या परिसरात दर दोन वर्षांनी एक मोठी रंगीत तालीम होते. केंद्रात अपघात झालाय आणि किरणोत्सारी द्रव्य कुंपणाबाहेर पडलंय असं गृहीत धरून जिल्हाधिकाऱ्यांपासून पोलीस पाटलांपर्यंत सगळी यंत्रणा कामाला लागते. तिच्यावर नजर ठेवायला निरीक्षक असतात. त्यात अणुऊर्जा नियामक मंडळाची माणसं असतात, तशीच महसूल, आरोग्य, पोलीस अशा खात्यांतून घेतलेलीही असतात. आदेशावर पहिल्यांदाच ज्यांचं नाव लागलंय, त्यांच्यासाठी हे टिपण आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आराखडा चांगला आहे की नाही, हे तुम्हाला तपासायचं नाही. आराखड्यात लिहिलेलं काम, नेमून दिलेल्या माणसाला, ठरलेल्या वेळेत, हातात असलेल्या साधनांनी जमतं का, हे तपासायचं आहे. त्यामुळे "तुमच्याकडे अमुक आहे का?" हा प्रश्न सोडून द्या. "आत्ता करून दाखवा" एवढंच म्हणा आणि घड्याळ बघा.

आधी हे पक्कं करा

आणीबाणीचे स्तर तीन. पहिली संयंत्रापुरती, म्हणजे प्लांट इमर्जन्सी. दुसरी केंद्राच्या आवारापुरती, साइट इमर्जन्सी. तिसरी आवाराबाहेरची, ऑफ-साइट. पहिलीचा सराव दर तिमाहीला, दुसरीचा वर्षातून एकदा आणि तिसरीचा दोन वर्षांतून एकदा होतो. ११ मार्च २०१६ रोजी गुजरातेत काकरापारच्या पहिल्या युनिटमध्ये शीतकाची, म्हणजे अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या द्रवाची, गळती झाली, तेव्हा जाहीर झाली ती फक्त प्लांट इमर्जन्सी. म्हणजे आणीबाणी जाहीर झाली की लगेच गावं हलवायची, असं नसतं. उलट वेळेवर, खालच्या स्तरावर जाहीर करण्याची सवय असणं हे चांगल्या केंद्राचं लक्षण आहे.

पहिल्या दोन स्तरांत सूत्रं केंद्राच्या संचालकांकडे असतात. तिसऱ्या स्तरात कुंपणाबाहेरचे निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती जातात. केंद्राने शिफारस करायची, आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी काढायचा. वेळ सगळ्यात जास्त वाया जाते ती या सांध्यावर, म्हणून तिथे बारीक लक्ष ठेवा.

आणीबाणी नियोजनाचं क्षेत्र केंद्रापासून १६ किलोमीटरपर्यंत असतं. नकाशावर हे वर्तुळ स्वतः काढा, दुसऱ्याने काढलेलं घेऊ नका. तारापूरच्या बाबतीत त्याचा पश्चिमेकडचा जवळपास अर्धा भाग समुद्रात जातो. जमिनीवर घिवली, तारापूर, चिंचणी, बोईसर, दक्षिणेला मुरबे आणि सातपाटी त्यात येतात. पालघर आणि डहाणू कडेच्या थोडं बाहेर पडतात. मध्ये तारापूर एमआयडीसी आहे, पश्चिम रेल्वेचा मार्ग आहे, पूर्वेला आदिवासी पाडे आहेत. केंद्रातली पहिली दोन युनिटं सुरू झाली १९६९ साली. तेव्हाचं बोईसर आणि आजचं बोईसर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आराखड्यातले लोकसंख्येचे आकडे कोणत्या सालचे आहेत, हे पहिल्याच बैठकीत विचारा.

आराखडा कसा वाचावा

पहिल्या पानापासून वाचत बसलात तर थकाल आणि हाती फारसं लागणार नाही. शेवटून सुरुवात करा. शेवटी दूरध्वनींची यादी असते, आणि ती यादी खोटं बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या तहसीलदारांचं नाव तिच्यात असेल, तर आराखडा तीन वर्षांत कुणी उघडलेला नाही. यादीतले पाच-सहा क्रमांक निवडा आणि कार्यालयीन वेळेनंतर, शक्यतो रात्री, फोन करायला सांगा. फोन कोणी उचलला, किती वाजता उचलला, उचलणाऱ्याला आपली आणीबाणीतली जबाबदारी ठाऊक होती का, हे टिपून ठेवा.

मग आराखड्याच्या प्रती ताडून पाहा. केंद्रातली, जिल्हाधिकारी कार्यालयातली, पोलिसांकडची आणि उपजिल्हा रुग्णालयातली. सुधारणेची तारीख चारही ठिकाणी एकच हवी. ती एक नसली तर आणीबाणीत चार जण चार वेगवेगळे आराखडे राबवतील.

सरावाची कथा

प्रत्येक सरावाला एक रचलेली घटनामाला असते: अमुक वाजता पाइप फुटला, तमुक वाजता वीज गेली, मग वाऱ्याची दिशा ही. ती भाग घेणाऱ्यांना आधी माहीत नसावी, हे उघड आहे. पण तुम्ही ती आधी वाचा आणि तिच्यात खरंच काही निर्णय घ्यायचा शिल्लक आहे का, ते बघा. सकाळी दहाला सुरू होऊन दुपारी जेवणाआधी संपणारी, वारा एकाच दिशेने वाहणारी, एकही यंत्र बंद न पडणारी कथा काही शिकवत नाही.

वाऱ्याकडे विशेष बघा. या किनाऱ्यावर दिवसा समुद्रावरून जमिनीकडे वारा येतो, रात्री उशिरा तो बऱ्याचदा फिरतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोर असतो. दुपारी धोका बोईसरच्या बाजूला असेल तर पहाटे तो मासेमारीच्या बोटींवर जाऊ शकतो. सराव चालू असताना वारा फिरवून बघायची सूचना करता आली तर जरूर करा. एवढ्या एका बदलाने केवढी तारांबळ उडते, आणि त्या तारांबळीतून काय काय शिकायला मिळतं, ते दिसेल.

नियंत्रण कक्षात

इथे तुम्ही फक्त बघायचं. शिफ्ट इंचार्जला प्रश्न विचारून त्याचं लक्ष विचलित करू नका, प्रश्न नंतर. तुमच्या वहीत तीन क्षणांची वेळ नोंदवा: आणीबाणीची अट पूर्ण झाल्याचं पॅनलवर दिसलं ती, स्तर जाहीर झाला ती, आणि बाहेरचा पहिला फोन लागला ती. अमेरिकेत स्तर ठरवायला १५ मिनिटं आणि जाहीर झाल्यावर स्थानिक प्रशासनाला कळवायला आणखी १५ मिनिटं, असा नियम आहे. तुलनेला तो आकडा डोक्यात असू द्या, मोजणी मात्र इथल्या आराखड्यात लिहिलेल्या वेळेशीच करा.

संदेश कसा दिला जातो, तेही ऐका. पलीकडच्याने तो परत वाचून दाखवला का? स्तर, वेळ, वाऱ्याची दिशा आणि "हा सराव आहे" हे शब्द, सगळं त्यात होतं का? सुरुवातीचे आणि शेवटचे ते तीन शब्द राहून गेले, तर गावात खरीच पळापळ होऊ शकते.

आणि एक प्रश्न नंतर नक्की विचारा: हा कक्ष सोडावा लागला तर? हा प्रश्न कल्पनेतला नाही. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशात नरोरा इथे टर्बाइनची पाती तुटून आग लागली, केबल जळाल्या, सतराएक तास केंद्रात वीज नव्हती. नियंत्रण कक्ष धुराने भरला आणि कर्मचाऱ्यांना तो सोडावा लागला. अंधारात हातात बॅटऱ्या घेऊन माणसं इमारतीच्या वर चढली आणि झडपा हाताने उघडून, अणुभट्टी पुन्हा चालू होऊ नये म्हणून, तिच्यात बोरॉनचं द्रावण सोडलं. किरणोत्सार बाहेर पडला नाही, तो या माणसांमुळे. म्हणून पर्यायी कक्षाकडे प्रत्यक्ष चालत जा. दार कोणत्या किल्लीने उघडतं, किल्ली कोणाकडे आहे, दिवे कोणत्या वीजपुरवठ्यावर आहेत, बॅटऱ्यांमध्ये सेल आहेत का, हे हाताने तपासा.

आवारातली मोजणी

भोंगा झाला की आवारातल्या सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमायचं आणि हजेरी द्यायची. कायम कर्मचाऱ्यांची मोजणी बहुधा नीट होते. तुम्ही कंत्राटी कामगारांकडे जा. त्यांतल्या दोघा-तिघांना विचारा की हा भोंगा कसला, कुठे जमायचं, कोणाला नाव सांगायचं. उत्तर हिंदीत, ओडियात, भोजपुरीत येईल. सूचना मात्र इंग्रजीत लिहिलेल्या असतील, तर अहवालात ती ठळक नोंद करा. मोठ्या दुरुस्तीच्या काळात आवारातली गर्दी एरवीपेक्षा कितीतरी वाढते. गेटवरचा आकडा आणि जमलेल्यांचा आकडा जुळायला किती वेळ लागला, आणि जे जुळले नाहीत त्यांना शोधायला कोण गेलं, हे पाहा.

मोजमाप करणारी गाडी

बाहेर किरणोत्सार मोजायला सर्वेक्षण पथक निघतं. त्यांच्याबरोबर बसा. निघण्याआधी मीटर हातात घ्या. त्यावर कॅलिब्रेशनची, म्हणजे त्याची अचूकता शेवटची तपासल्याची, तारीख चिकटवलेली असते, ती वाचा. मग मीटर चालू करायला सांगा. आपल्याकडे नैसर्गिक किरणोत्सार ताशी ०.१ मायक्रोसीव्हर्टच्या आसपास असतो, थोडा कमी-जास्त. मीटरने थोडंतरी काही दाखवलंच पाहिजे. साफ शून्य दाखवत असेल तर तो बिघडलेला आहे किंवा चुकीच्या पट्टीवर लावलेला आहे. पथकाजवळ तपासणीसाठीचा छोटा स्रोत असतो. तो जवळ नेल्यावर काटा हलला का?

पथकाचा चालक त्या रस्त्यांवरून पूर्वी गेलाय का, मोजणीच्या जागा त्याला नकाशाशिवाय सापडतात का, आणि मोबाइलचं जाळं कोलमडलं तर आकडे केंद्रात कसे पोचणार, हे विचारा. शेवटच्या प्रश्नावर "वायरलेस आहे" असं उत्तर आलं की गाडी थांबवून वायरलेसवरूनच पुढचा आकडा कळवायला सांगा.

जिल्हाधिकाऱ्यांच्या कक्षात

जपानमधल्या फुकुशिमाची आठवण इथे ठेवावी लागते. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आणीबाणीची सूत्रं जिथून हलायची, ते ओकुमा गावातलं केंद्र अणुवीज केंद्रापासून जेमतेम पाच किलोमीटरवर होतं. वीज गेली, संपर्क तुटला, आत येणारी हवा गाळायची सोय नव्हती. १५ मार्चला ते सोडून अधिकाऱ्यांना फुकुशिमा शहरात जावं लागलं. ती इमारत अशाच दिवसासाठी बांधलेली होती.

तेव्हा निर्णय कक्षात गेलात की आधी इमारत बघा: जनरेटर, त्यातलं डिझेल, पर्यायी जागा, वायरलेस. मग माणसं बघा. केंद्राकडून आलेली शिफारस कोणाच्या हातात पडली, तिच्यावर सही व्हायला किती वेळ लागला, आणि त्या वेळात चर्चा कशावर झाली? जिल्हाधिकारी नसतील तर कोण, हे कक्षातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

निर्णय तीनच प्रकारचे असतात: घरातच थांबा, आयोडिनच्या गोळ्या घ्या, गाव सोडा. त्यानंतर दूध, भाज्या, मासळी यांवरचे निर्बंध येतात. गाव सोडणं हा सगळ्यात सुरक्षित पर्याय आहे, असं नवख्याला वाटतं. ते तितकं सरळ नाही. ओकुमातल्याच फुताबा रुग्णालयातून अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध रुग्णांना घाईघाईने, डॉक्टर-नर्सविना, तासन्‌तास बसमधून फिरवलं गेलं. रुग्णालय आणि त्याला जोडलेल्या वृद्धाश्रमातले चाळीसहून अधिक जण दगावले. त्यांना किरणोत्साराने मारलं नाही, स्थलांतराने मारलं. म्हणून "सगळे हलवा" असा आदेश निघाला, तर ज्यांना हलवता येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न त्या कक्षात कोणी उच्चारला का, ते ऐका. कोणीच उच्चारला नाही, तर दिवसभरातली ती सगळ्यात गंभीर नोंद समजा.

गावात

निरीक्षकांचा बहुतेक वेळ वातानुकूलित कक्षांत जातो, कारण तिथे पडदे असतात, नकाशे असतात, चहा येतो. माझा आग्रह आहे की निम्मा वेळ तरी गावात काढा. तयारी खरी आहे की नाही, ते इथेच कळतं.

सराव सुरू होण्याच्या तासभर आधी पोचा. ग्रामपंचायतीसमोर नको, गावाच्या टोकाच्या वस्तीवर थांबा. भोंगा किंवा दवंडी तिथवर ऐकू येते का? एमआयडीसीच्या जवळ कारखान्यांचे भोंगे लोकांच्या कानांना सवयीचे आहेत. केंद्राचा इशारा त्यांहून वेगळा ओळखू येतो का, हे दहा घरांत विचारा. पोलिसांची गाडी ध्वनिक्षेपकावरून सूचना देत जाते तेव्हा गाडीच्या मागे चालत राहा आणि नेमके कोणते शब्द कानावर पडले ते लिहा. चालत्या गाडीतून निम्मं वाक्य पुढच्या गल्लीत ऐकू येतं. "विहित प्रतिबंधात्मक उपाययोजना" असले शब्द असतील तर ते खोडायला सांगा. "घरात या, दारं-खिडक्या लावा, पंखे बंद करा, विहिरीचं तोंड झाका, जनावरं गोठ्यात बांधा" एवढं पुरे. पाड्यांवर तेच वारली बोलीत कोण सांगणार, याचं नाव आराखड्यात हवं. बहुतेक वेळा ते काम आशाताई किंवा अंगणवाडी सेविका करतात, आणि लोक त्यांचंच ऐकतात. त्यांना त्यासाठी शिकवलंय का, आणि त्या स्वतः सुरक्षित कशा राहतील?

आयोडिनच्या गोळ्यांना इथे जरा वेळ द्या. अपघातात बाहेर पडणारं किरणोत्सारी आयोडिन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. आधीच साधं आयोडिन दिलं की ग्रंथी भरलेली राहते आणि नवं शिरत नाही. गोळीचा उपयोग तेवढाच. बाकी किरणोत्सारापासून ती वाचवत नाही, आणि हे गावात कोणाला सांगितलेलं आहे का, ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गोळी घेण्याची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे किरणोत्सारी आयोडिनशी संपर्क येण्याच्या २४ तास आधीपासून २ तासांनंतरपर्यंत. म्हणजे तालुक्याच्या गोदामात पडलेली गोळी असून नसल्यासारखी. साठा उघडायला लावा. मुदत वाचा. प्रौढांसाठी पोटॅशियम आयोडाइडचं प्रमाण १३० मिलिग्रॅम. तीन ते बारा वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मं, एक महिना ते तीन वर्षांपर्यंत पाव, नवजात बाळाला त्याच्याही निम्मं. पोटॅशियम आयोडेटची गोळी असेल तर प्रौढांचं प्रमाण १७० मिलिग्रॅम. आयोडिन दोन्हींत सारखंच, सुमारे १०० मिलिग्रॅम. आता वाटप करणाऱ्या ताईंसमोर एक काल्पनिक आई उभी करा: कडेवर आठ महिन्यांचं मूल, हाताशी पाच वर्षांची मुलगी. ताई कोणाला किती देतात? गोळी कशी मोडतात? बाळाला कशात कालवून देतात? त्या थांबल्या तर दोष त्यांचा नाही, शिकवणाऱ्यांचा आहे, आणि अहवालातही तसंच लिहा. मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका आधी, हा क्रम यादीत लिहिलेला हवा.

कोळीवाड्यांत वेगळा प्रश्न असतो. मुरबे-सातपाटीच्या बोटी समुद्रात असताना त्यांना कोण कळवणार? वायरलेस प्रत्येक बोटीवर चालू आहे का? त्यांनी परत यायचं की वाऱ्याची बाजू सोडून दुसऱ्या बंदराला लागायचं, हे कोण ठरवणार? मच्छीमार सोसायटी, मत्स्यव्यवसाय खातं आणि तटरक्षक दल या तिघांना एकाच खोलीत बसवून हा प्रश्न विचारा. तिघांची उत्तरं जुळली तर उत्तम.

बस, निवारा, रुग्णालय

बसगाड्यांचा आकडा कागदावर नेहमी पुरेसा असतो. आगारप्रमुखांना विचारा की त्यातल्या आत्ता, या क्षणी, आगारात किती उभ्या आहेत. प्रिप्यात शहरातून १९८६ साली ४९ हजारांच्या आसपास माणसं हलवायला हजारावर बसगाड्या बाहेरून आणाव्या लागल्या होत्या, आणि त्या निघाल्या स्फोटानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी. चालकांशी स्वतंत्रपणे बोला. धोक्याच्या भागात जायचंय हे त्यांना आधी सांगितलंय का? डोसिमीटर, म्हणजे अंगावर किती किरणोत्सार पडला ते मोजणारा मीटर, कोण देणार, तो वाचायचा कसा? ज्या चालकाला काहीच सांगितलेलं नाही, तो त्या दिवशी आला नाही तर त्याला बोल लावता येणार नाही.

निवाऱ्यात तीन गोष्टींचा क्रम बघा: आधी तपासणी, मग गरज असेल तर कपडे बदलणं आणि अंघोळ, मग नोंदणी. दूषित आणि स्वच्छ माणसांची रांग एकमेकींत मिसळली तर सगळी मेहनत पाण्यात. बायकांसाठी आडोसा आणि पुरेसं पाणी आहे का, तेही बघा. रुग्णालयात एकच प्रसंग करून बघा: पाय मोडलेला आणि अंगावर किरणोत्सारी धूळ असलेला कामगार. त्याचा जीव वाचवणं आधी, धूळ नंतर. घाबरून त्याला दाराबाहेर ताटकळत ठेवलं, तर ती नोंद हवीच.

अहवाल

सराव संपला की त्याच संध्याकाळी आढावा बैठक होते. सगळे दमलेले असतात, एकमेकांचं अभिनंदन चालू असतं. तुमच्या नोंदी तिथे मांडा, पण मोजक्या. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात: काय व्हायला हवं होतं, काय झालं, किती वाजता, आणि कोणाच्या समोर. "समन्वय वाढवण्याची गरज आहे" असं वाक्य लिहू नका. त्यावर कोणालाच काही करता येत नाही. "इशारा ११.२० ला निघाला, पाड्यावर १२.०५ ला पोचला, कारण ध्वनिक्षेपकाची गाडी एकच होती" असं लिहा, म्हणजे दुसरी गाडी मागता येते. माणसांवर ठपका ठेवू नका. पुढच्या वेळी तुमच्याशी खरं बोलायला कोणी उरणार नाही.

दुरुस्ती कोणी, कधीपर्यंत करायची, हे प्रत्येक नोंदीपुढे लिहून घेतल्याशिवाय उठू नका. २०१२ साली कॅगने अणुऊर्जा नियामक मंडळावरच्या अहवालात नेमकं हेच दाखवून दिलं होतं: आवाराबाहेरच्या सरावांतून तयारी अपुरी असल्याचं पुढे आलं, पण सुचवलेल्या सुधारणा करून घेण्याचे अधिकार मंडळाकडे नव्हते. कुंपणाबाहेरची बरीचशी कामं जिल्ह्याच्या, राज्याच्या खात्यांची असतात, आणि पाठपुरावा नेमका तिथे सुटतो. म्हणून अहवालाची प्रत फक्त वर पाठवू नका. ज्या तहसीलदारांची, ज्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची, ज्या ग्रामपंचायतीची ती नोंद आहे, त्यांच्याही हातात त्यांच्यापुरतं पान द्या.

पुढच्या सरावाला पुन्हा तुमचं नाव लागलं, तर जुना अहवाल आणि त्यावर आलेली उत्तरं मागवून घ्या. "पूर्तता झाली" असा शेरा असलेल्या नोंदींतल्या दोन निवडा आणि सरावाच्या आदल्या दिवशी त्या गावात जाऊन या. भोंगा दुरुस्त केलाय असं लिहिलं असेल, तर तो वाजवायला सांगा.